पैसे घ्यायला पिन लागत नाही
यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. जुनं सामान ऑनलाइन विकताना मला हे एवढंच पुरलं. बडोद्यात दांडिया बाजारातलं घर आवरताना आम्ही आजीचं लोखंडी कपाट विकायला काढलं. कपाट न बघता, घासाघीस न करता एकजण फोनवर म्हणाला, "क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." मी फोन ठेवला. पुढे एका कुटुंबानं दिवसा येऊन कपाट पाहिलं. मेसेजवर न विसंबता, पैसे खात्यात दिसल्यावरच किल्ली दिली.

तुम्ही घेणारे असाल, तर वस्तू पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. फसवणूक झालीच, तर लाजू नका; लगेच १९३० वर कळवा. वेळेत कळवलं तर पैसे अडवता येऊ शकतात. घरातल्या आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा.