बसलं म्हणजे जुळलं असं नाही



आपल्या काही गटांनी गावरान कोंबड्यांसाठी अंडी उबवायचं छोटं यंत्र घेतलंय. काहींनी घरच्या पोरांकडून थर्माकोलच्या डब्यात बनवून घेतलंय. त्या डब्यात एक बोर्ड असतो. तो बल्ब चालू-बंद करून आतली उष्णता ३७.५ अंशांच्या आसपास राखतो. पिल्लू निघायला २१ दिवस लागतात, आणि तोवर सगळी भिस्त त्या बोर्डावर असते.

गेल्या उन्हाळ्यात एका ताईंच्या यंत्राचा बोर्ड जळाला. डब्यात ६० अंडी होती, नववा दिवस होता. मुलानं दुकानातून नवा बोर्ड आणला. आकार तोच, पिना त्याच जागी. त्यावर जुनं रिलेचं शील्ड बरोबर बसलं. बल्ब लागला, सगळ्यांना हायसं वाटलं. पण रात्रभर तो बंदच झाला नाही. सकाळी थर्मामीटर ४१ वर! एकही पिल्लू निघालं नाही. पोराचा दोष नव्हता. बसतंय का ते त्यानं बघितलं. व्होल्टेज जुळतंय का ते बघायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

नेमकं काय झालं?

बोर्ड म्हणजे यंत्राचं डोकं, आणि त्यावर बसणारं शील्ड म्हणजे त्याचे हात. डोकं हाताला विजेच्या खुणेनं हुकूम देतं. आर्डुइनो उनो हा बोर्ड "हो" म्हणायला ५ व्होल्ट देतो आणि "नाही" म्हणायला शून्य. ईएसपी३२ चा बोर्ड मात्र "हो" म्हणायला ३.३ व्होल्टच देतो. आणि ईएसपी३२ चे काही बोर्ड दिसायला अगदी उनोसारखेच असतात. दोन्हींना मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरनं वीज देता येते, त्यामुळे आणखी फसायला होतं. चार्जर ५ चा असला म्हणून पिनाही ५ च्याच असतील असं नाही.

बरीच रिले उलट्या हुकमावर चालतात. पिनेवर शून्य आलं की बल्ब चालू, ५ आले की बंद. नवा बोर्ड ३.३ च देत होता. मध्ये १.७ व्होल्टचा फरक उरला आणि रिलेनं बल्ब सोडलाच नाही.

याच्या उलटंही होतं. ५ व्होल्टच्या सेन्सरची खूण ३.३ च्या पिनेत गेली तर ती पिन जळू शकते, कधी अख्खा बोर्डच जातो.

जोडण्याआधी तीन गोष्टी बघा

१. बोर्डाच्या पिना किती व्होल्टच्या? दुकानात सरळ विचारा, "दादा, याच्या पिना ५ व्होल्टच्या की ३.३ च्या?" उनो ५ चा, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको आणि आर्डुइनो ड्यू ३.३ चे. बोर्डावर "आयओरेफ" अशी इंग्रजी अक्षरं असलेली पिन असेल तर तिथं मीटर लावून आकडा बघता येतो.

२. शील्डला किती व्होल्ट लागतात? रिलेच्या निळ्या डबीवर छापलेलं असतं. इंग्रजीत ०५ व्हीडीसी असेल तर ५ व्होल्ट, १२ व्हीडीसी असेल तर १२. शेजारीच २५० व्हीएसी असतं, ते बल्बाच्या बाजूचं. त्यात गल्लत करू नका.

३. शील्ड किंवा सेन्सर बोर्डाकडे किती व्होल्ट परत पाठवतो? हे बघायचं हमखास राहून जातं. बोर्ड ३.३ चा असेल तर परत येणारी खूण ३.३ च्या वर नको.

जुळत नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे जुन्यासारखाच ५ व्होल्टचा बोर्ड आणणं. नाहीतर ३.३ च्या हुकमावर चालणारं रिले मागा. सेन्सरची खूण खाली आणायला लेव्हल कन्व्हर्टर नावाची छोटी पट्टी मिळते.

मीटर कसा लावायचा?

आधी बल्बाचा घरच्या विजेचा प्लग काढा. शील्ड उतरवा. बोर्डाला फक्त चार्जरची वीज द्या. मीटर डीसी २० वर ठेवा. काळी तार "जीएनडी" पिनेला, लाल तार तपासायच्या पिनेला. दोन पिनांना एकदम टेकवू नका. शील्डच्या ज्या स्क्रूंमध्ये बल्बाची वायर जाते तिथं २३० व्होल्ट असतात. प्लग लावलेला असताना तिथं बोटही नको.

हे घरी जमत नसेल तर गावातल्या आयटीआयच्या मुलामुलींना विचारा. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथं सहावी ते बारावीची मुलंही असे बोर्ड हाताळतात. आपली लेकही त्यात असू शकते. तिला हे पान वाचायला द्या.

शेवटचं एक. बोर्ड बदलला की लगेच अंडी ठेवू नका. यंत्र एक दिवस रिकामं चालवा. बल्ब वेळेवर लागतोय आणि वेळेवर *बंद होतोय* का, हे थर्मामीटर ठेवून बघा. अंडी आतच असतील तर ती तेवढ्यापुरती खुडूक कोंबडीखाली नाहीतर दुसऱ्या ताईंच्या यंत्रात ठेवा. आणि बोर्डाचं नाव व व्होल्ट एका चिठ्ठीवर लिहून झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी दुकानात पोरगं गेलं तरी चिठ्ठी सोबत जाईल.