जस्त सल्फेट : गुणधर्म, निर्मिती आणि उपयोग

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराई भागात भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडत आणि रोपांची वाढ खुंटत असे. ‘खैरा’ नावाचा हा विकार रोगजंतूंमुळे नव्हे, तर जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगर कृषी विद्यापीठातील डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्यावर उपाय ठरलेले जस्त सल्फेट आज अनेक पिकांसाठी वापरले जाते.

स्वरूप व निर्मिती

जस्त सल्फेट हा पांढरा, पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ आहे. त्याच्या स्फटिकांत पाण्याचे सात रेणू असतात. तापविल्यास हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते. लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत उरणारी जस्ताची राख सौम्य गंधकाम्लात विरघळवून तो तयार करतात. द्रावणातील लोह, तांबे, कॅडमियम आदी अशुद्ध द्रव्ये काढून ते आटविले म्हणजे स्फटिक मिळतात. हे शुद्धीकरण महत्त्वाचे आहे. कारण कॅडमियम व शिसे ही घातक द्रव्ये खतावाटे जमिनीत जाता कामा नयेत.

उपयोग

जस्त धातू मिळविण्याच्या विद्युत् प्रक्रियेत आणि रेयॉन धाग्याच्या निर्मितीतही हे संयुग लागते. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त व विम्लधर्मी जमिनींत पिकांना जस्त पुरेसे उपलब्ध होत नाही. अशा ठिकाणी माती परीक्षणानुसार त्याची मात्रा द्यावी. ते स्फुरदयुक्त खतांत मिसळू नये. दोहोंच्या संयोगातून न विरघळणारे जस्त फॉस्फेट तयार होते.

बालकांच्या अतिसारात जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. या गोळ्या औषधी शुद्धतेच्या असतात. शेतीसाठीचे जस्त सल्फेट पोटात घेणे अपायकारक आहे.

खरेदी करताना

खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार सात रेणू पाणी असलेल्या प्रकारात किमान २१ टक्के, तर एक रेणू पाणी असलेल्या प्रकारात ३३ टक्के जस्त असावे लागते. दोहोंची मात्रा आणि किंमत म्हणूनच एकसारखी नसते. दिसायला सारख्याच असलेल्या, स्वस्त मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ हा यातील मोठा धोका होय. अशा भेसळीमुळे शेतकऱ्याचा पैसा जातोच. शिवाय पिकाची गरजही भागत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत याची प्राथमिक पारख करता येते. नमुन्याच्या पातळ द्रावणात दाहक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घातल्यास पांढरा साका येतो. अधिक सोडा घातल्यावर जस्ताचा साका विरघळतो. मॅग्नेशियमचा तसाच राहतो. दाहक सोडा त्वचेस व डोळ्यांस इजा करतो. म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. शंका आल्यास खरेदीची पावती व पिशवी जपून ठेवून खत निरीक्षकास कळवावे. अंतिम निर्णय अधिकृत प्रयोगशाळेचाच असतो. पंचायत सदस्यांनी ही माहिती हंगामापूर्वी ग्रामसभेत सांगितल्यास अनेकांचे नुकसान टळेल.