नासिका-शस्त्रक्रियेनंतरची सूज, तंतुमय ऊती आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन

नाकाची पुनर्रचना हा विषय महाराष्ट्राला अपरिचित नाही. कावसजी नामक गाडीवानाचे कापले गेलेले नाक पुण्यात कपाळावरील त्वचेच्या साहाय्याने पुन्हा घडविण्यात आले आणि त्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने प्रसिद्ध केला. आज ऱ्हायनोप्लास्टी या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया मुख्यतः श्वसनमार्गातील अडथळा वा आकारातील दोष दूर करण्यासाठी केली जाते. तथापि टाके निघाले म्हणजे नाक बरे झाले, हा समज बरोबर नाही. सूज पूर्ण ओसरण्यास सुमारे एक वर्ष, जाड त्वचेच्या व्यक्तींत त्याहूनही अधिक काळ लागतो व शेंड्याची सूज सर्वांत शेवटी उतरते. या प्रतीक्षाकाळातच रुग्ण अधीर होतो आणि ‘सूज उतरविणाऱ्या इंजेक्शना’ची मागणी करतो.

शस्त्रक्रियेत त्वचा खालच्या अस्थी व कूर्चेपासून सुटी केली जाते. ती नव्या सांगाड्यावर नीट बसली नाही, तर शेंड्याच्या किंचित वर पोकळी राहते. तेथे रक्त व द्रव साचतो आणि पुढे त्याची जागा तंतुमय ऊती घेते. परिणामी नाकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक येतो. हे टाळण्यासाठी प्रथम चिकटपट्टीने दाब दिला जातो. तो अपुरा पडल्यास ट्रायॲमसिनोलोन ॲसिटोनाइड या औषधाचा विचार होतो.

हे औषध अधिवृक्क ग्रंथीतील संप्रेरकांच्या कुळातील आहे. याच कुळातील कॉर्टिसोनचा संधिवातावरील प्रभाव फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये अनुभवला व १९५० मध्ये त्यांना केंडाल आणि राइकस्टाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतील विशिष्ट ग्राहींना जोडले जाऊन ते दाह शमविते, तंतुजनक पेशींची वाढ रोखते आणि कोलॅजेनची निर्मिती घटविते. त्याचे सूक्ष्म कण पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यामुळे टोचलेल्या जागी औषध आठवडेच्या आठवडे कार्य करीत राहते. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून दिले जाणारे डेक्सामेथासोन ही वेगळी गोष्ट होय. त्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांतील पापण्यांची सूज व काळेनिळेपणा कमी करण्यापुरता असतो.

येथे खरी अडचण सुरू होते. कोलॅजेन घटविण्याचा हा गुण केवळ नको असलेल्या ऊतीपुरता मर्यादित राहत नाही. निरोगी त्वचा आणि चरबी यांनाही तो लागू पडतो. औषध अंतस्त्वचेत गेले तर त्वचा पातळ होते, खळगा पडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि रंग फिका पडतो. सावळ्या वर्णावर हा फिका डाग विशेष उठून दिसतो, म्हणून आपल्याकडे ही बाब गौण मानता येणार नाही. यासाठी सुई त्वचेखालच्या खोल थरात, कूर्चेच्या लगत नेली जाते. सांध्यांसाठी वापरले जाणारे प्रति मि.लि. ४० मि.ग्रॅ. तीव्रतेचे औषध टाळून १० मि.ग्रॅ. वा त्याहून सौम्य द्रावण, तेही मि.लि.च्या लहानशा अंशात, दिले जाते. पुढील मात्रेपूर्वी सामान्यतः ४ ते ६ आठवडे थांबून परिणाम पाहिला जातो. खळगा एकदा पडल्यावर तो भरून येण्यास महिने लागतात. कधी तो कायमही राहतो.

अत्यंत विरळ, परंतु सर्वांत गंभीर धोका दृष्टीचा आहे. नाकाच्या पृष्ठभागावरील धमनी नेत्रधमनीशी जोडलेली असते. जोराने टोचल्यास औषधाचे कण उलट दिशेने दृष्टिपटलापर्यंत जाऊन रक्तप्रवाह अडवू शकतात. म्हणून सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री करून औषध सावकाश सोडले जाते.

फुगवटा मऊ आहे की टणक, हे बोटाने चाचपून पाहणे या निर्णयात मोलाचे ठरते. उंचवटा कूर्चेचा अथवा अस्थीचा असेल, तर स्टेरॉइडचा काहीच उपयोग होत नाही, वरची त्वचा मात्र पातळ होते आणि दोष अधिक उघडा पडतो. अशा रुग्णाला पुनःशस्त्रक्रियेचाच मार्ग उरतो आणि तीही बहुधा वर्षभर थांबून, ऊती मऊ झाल्यावरच केली जाते.