राहुलाचा आरसा आणि मे महिन्याची सुटी

वार्षिक परीक्षा आटोपली की वसतिगृह रिकामे होते आणि मुले साकीनाक्यातील आपल्या लहानशा खोल्यांत परततात. घंटेच्या शिस्तीतून सुटलेले मूल उशिरा उठते, मोबाइल सोडत नाही. पालकांचा संयम सुटतो. अशा वेळी मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्ताचे स्मरण आम्हांस उपयुक्त वाटते. सम्राट अशोकानेही भाब्रू शिलालेखात या उपदेशाचा उल्लेख केला आहे.

असत्याचा दोष सांगताना तथागतांनी बाल राहुलास पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखविले, ते ओतून टाकले, भांडे पालथे केले आणि दर वेळी, दिसते का, एवढेच विचारले. मग आरशाचा दाखला दिला: कृतीपूर्वी, कृती करताना व नंतर ती स्वतःस वा इतरांस दुःखद ठरते का, हे पाहावे.

हा आरसा प्रथम पालकांनी हाती घ्यावा. रागावण्यापूर्वी क्षणभर श्वासाकडे लक्ष द्यावे; चूक चारचौघांत न काढता एकांतात, प्रश्न विचारून दाखवावी. रागाला भिणारे मूल खोटे बोलू लागते आणि वसतिगृहातील अडचणही घरी सांगत नाही. जूनमध्ये ते परतेल, तेव्हा खरे सांगण्याची भीती त्याच्या मनात नसावी, हीच आमची अपेक्षा.