काडेपेट्या, फ्रेडी आणि एक अहवाल : एडिंबऱ्याच्या एआय विभागाचा ताळेबंद

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ मला जिन्यात भेटले. त्यांच्या मुलीला इंजिनिअरिंगला 'एआय अँड डेटा सायन्स' शाखा घ्यायची आहे. त्यांनी मोबाईलवर तीन कॉलेजांची माहिती उघडली आणि म्हणाले, "सर, यातला विभाग कुठला चांगला?" मी वाचलं. सामंजस्य करार झाला, हॅकेथॉनमध्ये दुसरा क्रमांक आला, इतके शोधनिबंध, इतकी पेटंटं, प्रयोगशाळेचं उद्घाटन. तिन्हीकडे जवळजवळ तेच. मला उत्तर देता आलं नाही. आणि ते लाजिरवाणं होतं, कारण मी स्वतः मूल्यमापन समित्यांवर बसून असले तक्ते तपासलेत, त्यांना गुण दिलेत.

तेव्हा आज मी एकाच विभागाबद्दल बोलणार आहे. त्याच्या बातम्या जुन्या झाल्यात, त्यामुळे खरं काय टिकलं ते आपल्याला दिसतं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाचा एआय विभाग. जगातल्या सुरुवातीच्या काही विभागांपैकी एक.

गोष्ट सुरू होते काडेपेट्यांपासून. डोनाल्ड मिकी नावाचे गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांची सांकेतिक लिपी फोडायच्या कामावर होते, ॲलन ट्युरिंगसोबत. यंत्राला शिकवता येईल का, यावर दोघांच्या गप्पा चालायच्या. युद्ध संपल्यावर मिकी जनुकशास्त्राकडे वळले, एडिंबऱ्याला आले, पण डोक्यातला किडा काही गेला नाही. संगणक हाताशी नव्हता. म्हणून १९६१ साली त्यांनी ३०४ काडेपेट्या घेतल्या.

फुलीगोळा आपण सगळेच खेळलोय. त्या खेळात पहिल्या खेळाडूसमोर जितक्या वेगवेगळ्या स्थिती येऊ शकतात, त्यातल्या आरशातल्यासारख्या सारख्या वगळल्या की ३०४ उरतात. एका स्थितीला एक काडेपेटी. पेटीत रंगीत मणी, प्रत्येक रंग म्हणजे एक घर. यंत्राची पाळी आली की त्या स्थितीची पेटी घ्यायची, हलवायची, जो मणी पुढच्या कोपऱ्यात येईल त्या घरात खेळायचं. डाव जिंकला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे तीन मणी जास्त टाकायचे, बरोबरी झाली तर एक. हरला तर तो मणी काढून घ्यायचा. बस, इतकंच. सुरुवातीला हे यंत्र येड्यासारखं खेळतं. पण डावामागून डाव चुकीच्या चालींचे मणी कमी होत जातात, चांगल्या चालींचे वाढत जातात, आणि मग त्याला हरवणं अवघड होऊन बसतं. कुणीही त्याला फुलीगोळ्याची युक्ती सांगितलेली नाही. आज 'रिइन्फोर्समेंट लर्निंग' म्हणतात त्याचा गाभा हाच. मुलांसोबत सुट्टीत करून बघा, मणी सांडतात फार, एवढीच सूचना.

१९६३ मध्ये मिकींनी विद्यापीठात छोटासा गट काढला आणि १९६६ मध्ये त्याचा विभाग झाला. लवकरच दोन मोठी माणसं येऊन मिळाली. एक रिचर्ड ग्रेगरी, दृष्टिभ्रमांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ. दुसरे ख्रिस्तोफर लाँग्वेट-हिगिन्स, केंब्रिजला रसायनशास्त्रात नाव कमावलेले, ते सोडून मेंदूच्या मागे लागलेले. तिघंही हुशार आणि तिघांची दिशा वेगळी. विभाग म्हटल्यावर पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. भांडणं झाली. १९७० मध्ये ग्रेगरी ब्रिस्टलला निघून गेले.

पण बातमीत होता तो फ्रेडी. फ्रेडी म्हणजे रोबो. वरून लटकणारा एक हात, कॅमेरा, आणि खाली सरकणारं टेबल. म्हणजे हात जागेवर आणि जगच इकडून तिकडे हलणार. टेबलावर खेळण्यातल्या लाकडी गाडीचे सुटे भाग ढिगाने ओतायचे. फ्रेडी ढिगाकडे बघतो. एकात एक अडकलेलं त्याला ओळखू येत नाही, म्हणून ढीग उचलून, ढकलून फोडतो. मोकळे झालेले भाग ओळखतो, त्यांच्या ठरलेल्या जागी मांडतो, आणि मग चाचपत चाचपत चाकं-आस बसवून गाडी जोडतो. आपल्याकडे तीन वर्षांचं पोर जे करतं तेच. पण बघणं, ओळखणं, पकडणं आणि जोडणं हे सगळं एका यंत्रात एकत्र येणं ही त्या काळी जगात अगदी पुढची गोष्ट होती. जाता जाता एक गंमत : फ्रेडीच्या यंत्रजोडणीवर काम केलेले स्टीफन सॉल्टर पुढे समुद्राच्या लाटांपासून वीज काढायच्या 'सॉल्टर डक'साठी ओळखले गेले. विभागाच्या यशाच्या यादीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता अहवालाकडे येऊ. ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेपुढे प्रश्न होता, या एआयवाल्यांना किती पैसे द्यायचे. त्यांनी बाहेरचा माणूस नेमला : सर जेम्स लाइटहिल. केंब्रिजला गणिताचे ल्यूकेशियन प्राध्यापक, म्हणजे न्यूटन ज्या पदावर होता ते पद. प्रवाही पदार्थांच्या गणितातले दिग्गज. एआयशी संबंध नाही, आणि म्हणूनच नेमले. १९७३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

लाइटहिल यांनी क्षेत्राचे तीन भाग पाडले. एक, ठरावीक कामांचं प्रगत यांत्रिकीकरण : उपयोगी, चालू द्या. दुसरा, संगणकाच्या मदतीने मेंदूचा अभ्यास : तोही चालू द्या. आणि या दोघांना जोडणारा पूल, म्हणजे सर्वसाधारण बुद्धीचे रोबो बनवणं : या पुलाने दिलेली आश्वासनं पूर्ण झालेली नाहीत. अर्थात फ्रेडी याच पुलावर उभा होता. रोबो बनवण्याचा हा हव्यास पुरुषांना मूल जन्माला घालता येत नाही त्याची भरपाई असावी, असा एक तर्कही त्यात डोकावतो. सरकारी अहवालात!

त्यावर हसणं सोपं आहे. पण लाइटहिल यांचा मुख्य मुद्दा खरा होता, आणि तो समजून घेतला पाहिजे. पंगतीत पाच पाहुणे किती प्रकारे बसवता येतील? १२०. दहा पाहुणे? ३६,२८,८००. पंधरा? एक लाख तीस हजार कोटींच्या वर. पाहुणे तिपटीने वाढले, पर्याय कुठच्या कुठे गेले. त्या काळचे बरेच कार्यक्रम 'सगळे पर्याय बघू, त्यातला बरा निवडू' या धर्तीवर चालायचे. प्रयोगशाळेतल्या पाच ठोकळ्यांवर छान चालायचे आणि खऱ्या जगातल्या पंधरा वस्तू आल्या की गुदमरायचे. लाइटहिल म्हणाले, हा स्फोट तुम्ही आवरू शकलेला नाहीत. बरोबरच म्हणाले. मिकी, अमेरिकेचे जॉन मॅकार्थी आणि आपले ग्रेगरी यांनी १९७३ मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्याशी जाहीर वाद घातला, बीबीसीने तो दाखवला. बघा कधीतरी. प्रश्न विचारणारा अडाणी नसला की वाद किती चांगला होतो ते कळतं.

परिणाम मात्र कडू झाला. ब्रिटनमध्ये एआयचा पैसा आटला, मोजक्या विद्यापीठांत काम तग धरून राहिलं. १९७४ मध्ये एडिंबऱ्यातले गट नव्याने बांधून 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स विभाग' झाला, मिकींना वेगळं एकक मिळालं, लाँग्वेट-हिगिन्स ससेक्सला गेले. त्या वर्षी कुणी या विभागाचं मूल्यमापन केलं असतं तर? रोबोचा पैसा गेला, ज्येष्ठ प्राध्यापक गेले, भांडणं जगजाहीर. आमच्या तक्त्यात फार तर काठावर पास.

आणि आता त्या सालच्या बातमीत जे नव्हतं ते बघू.

तिथेच बर्नार्ड मेल्टझर यांचा तर्कशास्त्राचा गट होता. त्यात रॉबर्ट कोवाल्स्की. त्यांचं म्हणणं असं की तर्कातली विधानं हाच कार्यक्रम म्हणून चालवता येईल. 'अ हा ब चा बाप, ब हा क चा बाप, तर अ हा क चा आजा', एवढं लिहायचं. आजा शोधायचं काम यंत्राचं. फ्रान्समध्ये मार्सेलच्या आलाँ कोलमेरोअर यांच्याबरोबर झालेल्या देवाणघेवाणीतून १९७२ मध्ये 'प्रोलॉग' ही भाषा जन्माला आली. एडिंबऱ्याच्या डेव्हिड वॉरन यांनी १९७७ मध्ये तिचा कंपायलर करून ती वेगवान केली. मग झालं काय, १९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीचे संगणक' हा राष्ट्रीय प्रकल्प काढला आणि त्याचा पाया म्हणून तर्काधारित प्रोग्रॅमिंग निवडलं. जपानचं ते स्वप्न काही म्हटल्याप्रमाणे पूर्ण झालं नाही. पण जपान पुढे जातोय या धास्तीने ब्रिटिश सरकारने १९८३ मध्ये 'आल्वी' कार्यक्रम सुरू केला आणि एआयला पुन्हा पैसा मिळाला. म्हणजे घरातून गेलेली वस्तू शेजाऱ्याकडे दिसली तेव्हा घरच्यांना तिची किंमत कळली. त्यातही 'एआय' हा शब्द टाळून 'ज्ञानाधारित बुद्धिमान प्रणाली' असं बारसं केलं. अहवालाची जखम दहा वर्षांनीही ओली होती.

त्याच गटात दोन तरुण अमेरिकन, रॉबर्ट बॉयर आणि जे मूर, गणितातली प्रमेयं आपोआप सिद्ध करणारा कार्यक्रम लिहीत होते. काय उपयोग, असं कुणीही विचारलं असतं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नव्या चिपमधला भागाकार अचूक आहे हे गणिताने सिद्ध करून घेतलं गेलं. ते करणाऱ्यांत मूर होते आणि साधन होतं त्या एडिंबऱ्याच्या कार्यक्रमाचा वंशज.

आणि शेवटचा, एक पीएचडीचा विद्यार्थी. १९७२ मध्ये तो लाँग्वेट-हिगिन्स यांच्याकडे आला, कारण ते मेंदूसारख्या जाळ्यांवर काम करत होते. १९६९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा त्यावर निबंधही आला होता. पण तो पोचेपर्यंत गुरुजींचं मत बदललेलं! चिन्हं आणि तर्क हाच खरा मार्ग, जाळी सोडून दे, असं ते सांगू लागले. विद्यार्थी म्हणायचा, अजून सहा महिने द्या. सहा महिने झाले की पुन्हा सहा महिने. हे त्यानेच पुढे अनेकदा सांगितलंय. १९७८ मध्ये पदवी मिळाली, ब्रिटनमध्ये मनासारखं काम मिळेना, तो अमेरिकेला गेला, नंतर कॅनडाला. नाव जेफ्री हिंटन. मणी कमी-जास्त करत शिकणाऱ्या काडेपेट्या आठवतात ना? हिंटनच्या जाळ्यांत मण्यांऐवजी जोडण्यांची वजनं असतात आणि ती बदलायची रीत वेगळी आहे, पण चुकीतून आकडे सुधारत जायचं हे तत्त्व तेच. २०२४ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे मला लाँग्वेट-हिगिन्स यांच्या बाजूने बोलावंसं वाटतं. त्यांना विद्यार्थ्याचं पटत नव्हतं, पण त्यांनी त्याला हाकललं नाही. आमच्या तक्त्यात याला रकाना नाही.

प्रश्न आलाय : "मग लाइटहिल चुकले की बरोबर?" रोगाचं निदान बरोबर, औषध चुकलं, असं माझं मत. पर्यायांचा स्फोट ही खरी अडचण होती, आणि त्यातून वाट काढणाऱ्या कल्पना त्याच इमारतींत, त्याच वर्षी, कमी पगारावर काम करत होत्या. त्या त्यांना दिसल्या नाहीत. मला दिसल्या असत्या का? नसत्या.

ते गृहस्थ आज आलेत, मागच्या रांगेत दिसतायत. तुम्हाला एवढंच सांगतो : प्रवेशाआधी मुलीला घेऊन विभागात जा, दुपारी, अचानक. प्रयोगशाळेला कुलूप आहे का बघा. एखाद्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा की तुझा कुठला प्रकल्प फसला आणि त्यानंतर सर काय म्हणाले. तो मोकळेपणाने बोलला तर मला पुढच्या शनिवारी सांगा, मलाही ऐकायचंय.