शेवटच्या नळाची परीक्षा

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला गेलं की ओरत्तनाडु लागतं. मराठी वाचकाला हे गाव ठाऊक असतं ते दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुक्तांबाळ छत्रामुळे. रामेश्वरच्या यात्रेकरूला दोन घास आणि तांब्याभर पाणी मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राजाने इथे सोय केली. आज या मुलखात शेताला कल्लणै कालव्याचं पाणी येतं. हा कालवा १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाच्या योजनेतला. घरातल्या पाण्याची भिस्त मात्र मुख्यतः बोअर, पंप आणि उंच टाकी यांवर आहे. १६ नोव्हेंबर २०१८ला गजा वादळाने या तालुक्यातले विजेचे खांब आडवे केले, तेव्हा पंप थांबले आणि टाक्यांत पाणी चढवायला गावोगाव जनरेटर फिरवावे लागले. नळाचं पाणी म्हणजे जमिनीतला झरा, मोटर, टाकी, जमिनीखालची नळवाहिनी, तोटी आणि शेवटी स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं कुडम म्हणजे घागर, एवढी लांब साखळी असते, हे त्या दिवसांत सगळ्यांना दिसलं. पाणी सुधारायचं तर आधी या साखळीत कुठे बिघाड आहे ते शोधावं लागतं. आपण मात्र बहुतेक वेळा बिघाड न शोधताच पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र विकत घेतो.

यंत्र विकायला येणारा माणूस दारात एक प्रयोग करून दाखवतो. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, दोन्हींत विजेच्या कांड्या. दोन मिनिटांत नळाचं पाणी तपकिरी होतं, वर गाळाचा फेस धरतो आणि आरओचं तसंच स्वच्छ राहतं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण तो गाळ पाण्यातला नसतोच. लोखंडी कांडीच झिजून पाण्यात उतरते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून ती झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून कांडी शाबूत राहते. टीडीएस मीटरचंही तेच आहे. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतूंबद्दल अवाक्षर सांगत नाही. गटाराचा पाझर मिसळलेल्या पाण्याचा आकडा ३०० येऊ शकतो आणि निर्धोक बोअरचा ७००. भारतीय मानक आयएस १०५०० टीडीएससाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत देतं. ई. कोलाय या जिवाणूला मात्र सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात तो सापडताच कामा नये. कोणत्या दोषाला किती भ्यायचं, हे या दोन ओळींत स्पष्ट आहे.

जंतू शिरतात कुठे, याचा चांगला पुरावा हुबळी-धारवाडमध्ये मिळाला. तिथे शहराच्या काही भागाला चोवीस तास पाणी होतं, बाकीच्यांना काही दिवसांआड. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अखंड पुरवठ्याच्या नळांतले ०.७ टक्के नमुने ई. कोलायने दूषित निघाले, खंडित पुरवठ्याच्या नळांतले ३१.७ टक्के. पाणी बंद झालं की नळवाहिनीतला दाब जातो, सांध्यांतून बाहेरचं मैलापाणी आत ओढलं जातं आणि पुन्हा पाणी सोडल्यावर ते पहिल्या धारेबरोबर घरात येतं. म्हणून पाणी आल्याआल्या हंडा लावू नये, पहिली धार धुण्या-भांड्याला घ्यावी. खंडित पुरवठ्यामुळे घरात साठवण वाढते आणि साठवलेल्या पाण्यात हात, पेला, ओगराळं जातं. चोवीस तास पाणी ही चैन नव्हे, पाणी शुद्ध राखण्याचा तो उपाय आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने आणि २०२१पासून पुरीने तो आपल्याकडच्या गावांनाही जमतो हे दाखवलं.

ते होईपर्यंत घराचं रक्षण करतो तो पाण्यात उरलेला क्लोरिन. तो आहे की नाही हे पाहायला मिनिटही लागत नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ज्या क्लोरोस्कोपने ‘ओटी’ करतो, तेच साधन पुरतं. नळी पाण्याने भरायची, ऑर्थोटोलिडिनचे चार-पाच थेंब टाकायचे, हलवायचं आणि शेजारच्या रंगपट्टीशी ताडून लगेच पाहायचं. फिकट पिवळा रंग म्हणजे क्लोरिन आहे, गडद म्हणजे जास्त, आणि रंगच नाही म्हणजे वाटेत तो संपला. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन तोटीशी उरायला हवा. उशीर करून वाचलं तर आकडा फुगतो. पाण्यात लोह वा नायट्राइट असलं तरी खोटी पिवळी झाक येते. लोहाचा संशय असेल तर पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावं. बोअरमधून नितळ आलेलं पाणी हवा लागून तांबूस झालं, तळाला गाळ बसला, की निदान झालं. त्याला पाणी हवेत खेळवणं, निवळणं आणि वाळूची गाळणी पुष्कळ झाली. ओटी केलेलं पाणी पिऊ नये, ओतून द्यावं.

आरओने सगळंच निघून जातं, मग एवढी यातायात कशाला, असं विचारलं जातं. फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारटपणा प्रयोगशाळेच्या अहवालात मर्यादेबाहेर दिसला तर आरओ जरूर बसवावा. तो दोष उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो. पण तसा अहवाल नसेल तर हे यंत्र बरंचसं पाणी मोरीत सोडतं आणि आतल्या गाळणाऱ्या पडद्याच्या रक्षणासाठी क्लोरिन आधीच काढून टाकतं. त्याच्या टाकीत साठलेल्या पाण्याला मग कसलंच कवच उरत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओ नको अशी भूमिका घेतली, ती मला रास्त वाटते. दुसरी शंका क्लोरिनच्या उपपदार्थांची. धोका आहे, पण तो वर्षानुवर्षांचा आणि लहान आहे. दूषित पाण्याचा जुलाब लहान मुलाला दोन दिवसांत मरणाच्या दारात नेतो. वास नकोसा वाटत असेल तर झाकलेल्या भांड्यात पाणी थोडा वेळ ठेवून प्यावं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. शुद्ध पाणी देणं हे पंचायतीचं, पालिकेचं काम, ते घरातल्या बाईच्या डोक्यावर का? हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. जल जीवन मिशनने गावातल्या बायकांच्या हाती तपासणीची पेटी दिली, पण तपासणी केली म्हणून नळवाहिनीची गळती बुजत नाही. ती बुजवून घ्यायला मात्र हीच तपासणी उपयोगी पडते. ‘पाणी बरं नाही’ या तक्रारीला ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. टाकीखालच्या नळाला रंग पिवळा येतो आणि गल्लीच्या टोकाच्या नळाला सलग तीन दिवस येतच नाही, असं तारीख-वेळेसह लिहून दिलं, की दोष या दोन नळांच्या मधल्या नळवाहिनीत असण्याचा दाट संभव आहे हे उपअभियंत्यालाही नाकारता येत नाही. त्या नोंदीबरोबर निर्जंतुक बाटलीत घेतलेला टोकाच्या नळाचा नमुना त्याच दिवशी, शक्यतो बर्फात ठेवून, जिल्हा प्रयोगशाळेत पोचवावा. मग खोदायचं कुठे एवढाच प्रश्न उरतो. गटार ओलांडताना नळवाहिनी जिथे बुडालेली असते, तिथून सुरुवात करावी.