राजाने राखलेले सूर

म्हैसूर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? दसऱ्याची जंबोसवारी, हजारो दिव्यांनी उजळलेला राजवाडा आणि तुपाने थबथबलेला म्हैसूरपाक! गाण्याच्या दर्दींना मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँही आठवतील, कारण या दरबाराने त्यांचाही सन्मान केला होता. पण याच म्हैसूरच्या राजाने लंडनमधल्या एका विस्मृतीत चाललेल्या रशियन संगीतकाराचं आयुष्यभराचं काम तबकड्यांवर उतरवून घेतलं, हे किती जणांना ठाऊक असेल?

या राजाचं नाव जयचामराजेंद्र वडियार. जन्म १९१९चा. लहानपणापासून पियानोचं वेड. पियानोवादक म्हणून नाव काढावं, हे त्यांचं स्वप्न होतं. पण १९४० साल उजाडलं ते संकटं घेऊनच. मार्चमध्ये वडील गेले, ऑगस्टमध्ये राज्य करणारे काका. एकविसाव्या वर्षी डोक्यावर राजमुकुट आला आणि पियानोवादक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

तिकडे लंडनमध्ये निकोलाय मेट्नर नावाचा वृद्ध कलावंत हलाखीत दिवस काढत होता. १८८०मध्ये मॉस्कोत जन्मलेल्या मेट्नरने क्रांतीनंतर, १९२१मध्ये मायदेश सोडला. रखमानिनोवसारखा जगप्रसिद्ध संगीतकार त्याचा जिवलग मित्र. दोघांनी एकमेकांना आपापल्या रचना अर्पण केल्या होत्या. पण नव्या संगीताच्या लाटेत मेट्नरची जुन्या वळणाची धून मागे पडली. दुसरं महायुद्ध पेटलं आणि जर्मन प्रकाशकाकडून येणारे पैसेही थांबले. त्यातच १९४२मध्ये हृदयविकाराचा झटका आला.

युद्ध संपलं आणि म्हैसूरहून निरोप आला: तुमच्या सगळ्या रचना ध्वनिमुद्रित करा, खर्च आमचा! त्यासाठी ‘मेट्नर सोसायटी’ उभी राहिली. एचएमव्हीच्या स्टुडिओत मेट्नर पुन्हा पियानोपाशी बसला.

हे काम सोपं नव्हतं. तेव्हाच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटांचं संगीत मावायचं. त्यामुळे कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांबलचक रचना, तुकड्या-तुकड्यांनी वाजवावी लागे. सत्तरीकडे झुकलेल्या, हृदय थकलेल्या मेट्नरने हे दिव्य पार पाडलं. तिन्ही कन्चेर्टो झाले, सोनाटा झाले. बेनो मॉइसेविचसोबत त्याने दोन पियानोंचं वादन केलं, तर एलिझाबेथ श्वार्त्सकोफसारख्या गायिकेला गीतांसाठी साथ केली. तिसरा कन्चेर्टो त्याने कृतज्ञतेने म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला. १३ नोव्हेंबर १९५१ला तो गेला. सगळ्या रचना काही पूर्ण झाल्या नाहीत, पण बरंच काही वाचलं होतं.

विशेष म्हणजे याच काळात खुद्द महाराजांचं राज्य हातातून जात होतं. १९४७मध्ये म्हैसूर भारतात सामील झालं. महाराज पुढे राजप्रमुख आणि मग राज्यपाल झाले. पण संगीत सुटलं नाही. कर्नाटक संगीतात त्यांनी ‘श्रीविद्या’ या मुद्रेने ९४ कृती रचल्या. आपल्याकडच्या दत्तभक्तांना जवळचं वाटेल असं दत्तात्रेयांवरचं इंग्रजी पुस्तकही त्यांनी लिहिलं. १९७४मध्ये त्यांचं निधन झालं.

लाखेच्या त्या तबकड्यांवरचं संगीत पुढे सीडीवर आलं. मेट्नरची रचना त्याला स्वतःला कशी अभिप्रेत होती, हे आजचे पियानोवादक त्याच्याच बोटांतून ऐकू शकतात. राजाला स्वतः पियानोवादक होता आलं नाही, पण एका पियानोवादकाचे सूर त्याने काळाच्या हातून सोडवून आणले. म्हैसूरच्या राजवाड्यातले दिवे रोषणाई सरली की मालवतात. हा दिवा मात्र अजून तेवतो आहे!